पातळ इन्कोनेल आणि पल्स लेसर: आकडे शोधायच्या आधी कडा बघा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या शॉपला ०.२५ मिमी जाडीच्या इन्कोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूच्या पत्र्याच्या नळ्या करायच्या आहेत. पत्रा गोल करून १५० मिमी लांबीची सरळ शिवण मारायची, कडेला कड लावून, म्हणजे बट जॉइंट. फिलर, म्हणजे वरून घालायचा भरणीचा धातू, नाही. पुढे त्याच नळ्यांचे बेलोज (घड्यांच्या लवचीक नळ्या) होणार. मशीन सेकंडहँड, लॅम्पवालं २०० वॅटचं पल्स याग (याग स्फटिकाचं, सुट्या सुट्या पल्समध्ये झोत सोडणारं लेसर), आधी दागिन्यांच्या कामावर चाललेलं. खाली मोटरची स्लाइड यांनी स्वतः बसवली आहे. सेटिंग २३० अँपिअर, ३ मिलिसेकंद, ८ हर्ट्झ, स्पॉट ०.३, स्पीड सेकंदाला ३ मिमी. करंट वाढवला की भोक पडतं, कमी केला की खालून चिकटत नाही. एखादी शिवण वरून छान दिसते, पण पाण्यात बुडवून हवा दिली की बुडबुडे येतात. काही ठिकाणी भिंगातून बघितलं तर मधोमध केसासारखा तडा. आणि शेवटी विचारलंय, "बरोबर पॅरामीटर सांगा, नाहीतर सरळ १५०० वॅटचं हातात धरायचं फायबर लेसर घेऊन टाकू का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पैसे तरी वाचतील: आत्ता घेऊ नका. ते मशीन वाईट नाही. एक-दीड मिमी स्टेनलेसच्या रेलिंगला, टाक्यांना, किचनच्या कामाला झकास चालतं. पण ०.२५ च्या पत्र्यावर हाताने टॉर्च ओढायची म्हणजे हाताचा वेग जरा कुठे मंदावला की तिथे भोक. तुमची अडचण पॉवर कमी असण्याची नाहीच. २०० वॅटच्या मशीनमधले तुम्हाला या कामाला पाव हिस्साच पुरेसे आहेत, ते पुढे हिशोबात दिसेल. लॅम्पवालं म्हणून मशीनला जुनाट समजू नका. इंदूरच्या राजा रमण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने याच जातीचे लॅम्पवाले पल्स लेसर अणुवीज केंद्रांतल्या कापणीच्या कामासाठी बनवले आहेत.

आता खरा प्रश्न. तुम्ही तीन दुखणी एका यादीत लिहिली आहेत: भोक, गळती, तडा. तिन्हींचं कारण एकच असेल असं धरून तुम्ही करंटचं बटण खालीवर करताय. माझ्या मते ही तीन वेगळी दुखणी आहेत. भोकाचं कारण जॉइंटमधली फट, गळतीचं कारण स्पीड, आणि तड्याचं कारण पल्सचा आकार किंवा घाण, कधीकधी दोन्ही. करंटने यातलं एकही सुटत नाही, म्हणून तुम्ही फिरून तिथेच येताय.

हे माझं म्हणणं खरं की खोटं, ते अर्ध्या तासात तपासता येतं. त्याच पत्र्याचा एक सलग तुकडा घ्या. जॉइंट नाही, काही नाही, नुसता पत्रा. त्याच क्लॅम्पमध्ये त्याच सेटिंगवर त्यावर एक रेघ मारा. मग करंट थोडा कमी करून दुसरी, थोडा वाढवून तिसरी. उलटा करून बघा. सलग पत्र्यावर खालपर्यंत स्वच्छ रेघ उमटत असेल, करंट बराच वरखाली करूनही भोक पडत नसेल, आणि जॉइंटवर आलं की मात्र भोक पडत असेल, तर लेसरला दोष द्यायला जागा नाही. सलग पत्र्यावरही भोकं पडत असतील तर मग आकड्यांकडे वळा. पातळ पत्र्याचं नवीन काम आलं की आमच्याकडे हीच पहिली चाचणी होते. जॉइंट लावून ट्रायल घ्यायला आम्ही नंतरच बसतो.

फिलर नसलेल्या बट जॉइंटला फट किती चालते? ढोबळ नियम जाडीच्या दहा टक्क्यांचा. २ मिमीच्या पत्र्याला ०.२ मिमी फट म्हणजे फिटरला चुटकीसरशी जमणारी गोष्ट. तुमच्या पत्र्याला तोच नियम लावला तर ०.०२५ मिमी, म्हणजे २५ मायक्रॉन. डोक्याचा केस याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या मापाची) ०.०५ ची पात जॉइंटमध्ये गेली तर तुम्ही मर्यादेच्या दुप्पट बाहेर आहात, तिथे कुठलंही मशीन आणा. दोन कडांमधली उंचसखलही याच मापात बसली पाहिजे. फट मोठी असली की दोन्ही कडा वेगवेगळ्या वितळतात, प्रत्येक कडेचा रस आपापल्या बाजूला गोळा होऊन मागे सरकतो आणि मध्ये उघडं राहतं. ते भोक लेसरने पाडलेलं नसतं, ते आधीपासून तिथे होतंच. पुढच्या पल्सने ते मोठं होतं इतकंच. निकेलच्या मिश्रधातूंचा रस स्टेनलेसपेक्षा जड चालीचा असतो, पसरून फट भरायला तो फारसा राजी नसतो. म्हणून ३०४ स्टेनलेसवर जे खपून गेलं ते ६२५ वर खपत नाही.

फट तपासायला महागडं काही लागत नाही. जॉइंट क्लॅम्पमध्ये बसवा, शॉपमधली लाइट बंद करा आणि खालून टॉर्च धरा. जिथे उजेडाची रेघ दिसते तिथे भोक पडणार, हे वेल्ड करायच्या आधीच खडूने लिहून ठेवता येतं. (खडू टेबलावर, पत्र्यावर नको. का, ते पुढे येतंय.)

आता ही कड येते कुठून? बहुतेक शॉपमध्ये ती शिअरिंग मशीनमधून येते, आणि ते मशीन दोन-तीन मिमीच्या एमएससाठी, म्हणजे साध्या पोलादासाठी, लावलेलं असतं. पात्यांमधलं अंतर ०.२५ च्या पत्र्याला फार जास्त होतं. पत्रा कापला न जाता आधी दुमडतो, मग फाटतो. एका बाजूला गोलाई, दुसऱ्या बाजूला बर, म्हणजे फाटलेल्या धातूची धारदार कोर. अशा दोन कडा एकमेकांना चिकटवल्या की वरून टेकलेल्या दिसतात आणि आत व्हीच्या आकाराची पोकळी असते. बोटाने बर लागत असेल तर ती कड लेसरच्या कामाची नाही.

मी सुचवेन ते असं. पत्रे मापापेक्षा थोडे मोठे कापून घ्या. वीस-पंचवीस पत्र्यांची गड्डी दोन जाड, सपाट प्लेटांमध्ये घट्ट आवळा आणि कड एकत्र मिल करा, धारदार कार्बाइडने, हलके कट घेत. पत्रे एकमेकांना दाबून असल्याने बर फक्त वरच्या आणि खालच्या पत्र्याला येतो, ते दोन बाजूला टाका. दुसरा मार्ग वायरकट, म्हणजे तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी कापणं. शिवाजी उद्यमनगरात आणि गोकुळ शिरगावला वायरकटवाले भरपूर आहेत, गड्डी देऊन शेवटचा एक फिनिशिंग पास मागून घ्या. कड अप्रतिम सरळ येते. पण वायर पितळेची असते. कडेवर तांब्या-जस्ताचा अंश आणि पुन्हा थिजलेल्या धातूचा पातळ थर राहतो, तो बारीक पॉलिश पेपरने काढल्याशिवाय वेल्डला घेऊ नका. जस्त निकेलला घातकच. आमच्याकडे मी मिलिंगला झुकतं माप देतो, कारण त्यात नंतरची साफसफाई कमी.

गोल करतानाही एक खोच आहे. रोलिंग मशीन कडेचे शेवटचे काही मिमी वाकवत नाही, ते सरळच राहतात आणि दोन कडा जुळल्या की तिथे छपरासारखा उंचवटा होतो. नुसतं बाहेरून दाबून तो बसत नाही. आतून मँड्रेल हवं. तांब्याचा दांडा, वरून शिवणीच्या रेषेत एक-दीड मिमी रुंद आणि अर्धा-पाऊण मिमी खोल खाच, खाचेत आर्गॉन सोडायला बारीक छिद्रं. बाहेरून दोन्ही बाजूंनी पट्ट्या, शिवणीपासून मिमी-सव्वा मिमीवर दाबणाऱ्या. पट्टी शिवणीपासून पाच मिमी दूर धरली तर मधला पत्रा गरम होऊन उचलला जातो आणि फट चालू वेल्डमध्येच उघडते. ६२५ ची उष्णतावहनता कमी, मीटर-केल्व्हिनला ९.८ वॅटच्या आसपास. ३०४ ची १६, तांब्याची जवळपास ४००. पत्र्यातून उष्णता बाजूला जात नाही, ती तांब्यानेच खेचून घ्यावी लागते. मँड्रेल आणि पट्ट्या करायला जो खर्च येईल तो नव्या मशीनच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि कोल्हापुरात टर्नर-मिलरची वानवा नाही.

मग टॅक. मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दर सात-आठ मिमीवर एक हलका पल्स. टॅक न करता एका टोकाने सुटलात तर समोरची फट कात्रीसारखी उघडत जाते. सुरुवातीला वेल्ड छान आणि शेवटच्या तीस-चाळीस मिमीत भोकं, असं तुमच्याकडे होत असेल तर कारण हेच.

आता आकड्यांकडे. तुमचं मशीन अँपिअर दाखवतं. अँपिअर हा लॅम्पमधला करंट आहे, पत्र्यावर किती ऊर्जा पडते ते तो सांगत नाही. लॅम्प जुना झाला, पुढची काच धुरकटली, रॉड (लेसरचा स्फटिक) गरम झाला, की तेच २३० अँपिअर वेगळी ऊर्जा देतात. दुसऱ्याच्या मशीनचे अँपिअर म्हणून तुमच्या उपयोगाचे नाहीत, आणि मी माझे सांगणारही नाही. पॉवर मीटर मिळवा, उसना का होईना. मशीन ज्या फ्रिक्वेन्सीवर चालवणार त्याच फ्रिक्वेन्सीवर, गरम झाल्यानंतर, पत्र्याच्या जागी मीटर धरा. मीटरवरचे वॅट भागिले हर्ट्झ, की एका पल्सचे ज्यूल मिळतात. ८ हर्ट्झला २० वॅट दिसले तर पल्स अडीच ज्यूलचा.

पुढचा हिशोब सरळ आहे. ज्यूल भागिले पल्सचा वेळ म्हणजे त्या क्षणाची पॉवर. समजा तुमचे ३ मिलिसेकंदात ३ ज्यूल पडतात, म्हणजे १००० वॅट. स्पॉट ०.३ मिमी. क्षेत्रफळावर भागलं तर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ लाख वॅट. साधारण १० लाखांच्या आसपास धातू नुसता वितळायचा सोडून उकळायला लागतो, वाफेच्या दाबाने रसात खड्डा पडतो. यालाच कीहोल म्हणतात. ३ मिमीच्या पत्र्याला कीहोल हवाच, त्याशिवाय खोली मिळत नाही. ०.२५ च्या पत्र्यात कीहोल म्हणजे आरपार भोक आणि आजूबाजूला शिंतोडे. आता तोच हिशोब स्पॉट ०.४, वेळ ४ मिलिसेकंद, ऊर्जा अडीच ज्यूल धरून करा: ६२५ वॅट, चौरस सेंटिमीटरला ५ लाख. इथे धातू वितळतो, उकळत नाही. स्पॉट ०.३ चा ०.४ केला एवढ्यानेच तीव्रता जवळजवळ निम्म्यावर येते, ही गोष्ट दागिन्यांच्या मशीनवर शिकलेले ऑपरेटर पटकन मान्य करत नाहीत. त्यांना बारीक स्पॉट म्हणजे बारीक काम वाटतं.

पल्स ४ मिलिसेकंदच का? उष्णता धातूत शिरायला वेळ घेते. ६२५ मध्ये एका मिलिसेकंदात ती साधारण ०.१ मिमी आत जाते, ४ मिलिसेकंदात ०.२ च्या आसपास. तुमचा पत्रा ०.२५ चा. म्हणजे ४ ते ६ मिलिसेकंद पल्स ठेवला तर खालची बाजू वरच्या बाजूला न उकळवता वितळते. दीड मिलिसेकंदात तेवढीच ऊर्जा कोंबली तर वरचा थर उडतो आणि खालचा थंडच राहतो. "वाढवलं की भोक, कमी केलं की चिकटत नाही" या तक्रारीतला फटीनंतरचा दुसरा वाटा याचाच. तुम्ही ३ वर आहात, फार लांब नाही, पण बारीक स्पॉटमुळे खिडकी अरुंद झाली आहे.

म्हणून सुरुवातीचा आकडा म्हणून घ्या: स्पॉट ०.४ ते ०.४५, पल्स ४ ते ५ मिलिसेकंद, ऊर्जा दोन ते तीन ज्यूल. हे माझ्या क्लॅम्पवरचे आकडे आहेत. तुमचं तांबं शिवणीच्या जास्त जवळ असेल तर ऊर्जा थोडी वाढवावी लागेल, लांब असेल तर कमी. पत्र्याचा पृष्ठभाग चकचकीत की मॅट, यानेही फरक पडतो, कारण पडलेल्या प्रकाशातला मोठा भाग परत उडतो. सलग पत्र्यावर खालच्या बाजूला पाव मिमी रुंदीची सलग रेघ दिसेपर्यंत ऊर्जा थोडी थोडी वाढवा आणि तिथेच थांबा.

गळतीकडे येतो, कारण इथे डोळा फसतो. तुमचा स्पीड सेकंदाला ३ मिमी, ८ पल्स. म्हणजे दोन पल्समध्ये ०.३७५ मिमी अंतर. वरून वितळलेला ठिपका अर्ध्या मिमीचा असेल तर ठिपके एकमेकांवर पाव भाग चढतात, वरून शिवण सलग दिसते. पण ठिपका खाली जाताना निमुळता होतो. खालच्या बाजूला तो पाव मिमीचाच असतो. पाव मिमीचे ठिपके ०.३७५ च्या अंतरावर ठेवले तर ते एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. वरून कौलं नीट चढलेली आणि आत घर गळतंय, तसला प्रकार. पत्रा उलटा करून दहापट भिंगातून बघा, खाली सुटे सुटे ठिपके दिसतील आणि मधे जॉइंटची काळी रेघ तशीच असेल.

बंदिस्त, न गळणाऱ्या शिवणीला वरच्या बाजूने ७५ ते ८५ टक्के चढण हवी. अर्ध्या मिमीच्या ठिपक्याला पल्समधलं अंतर ०.१ मिमी ठेवलं की वर ८० टक्के होते आणि मुळाशीही ६० टक्के उरते. ८ हर्ट्झवर राहायचं तर स्पीड ०.८ मिमी. १५० मिमीच्या शिवणीला तीन मिनिटं लागतील. एवढा वेळ परवडत नसेल तर २० हर्ट्झ करा आणि स्पीड २ मिमी, शिवण सव्वा मिनिटात होते. अडीच ज्यूल गुणिले २० म्हणजे सरासरी ५० वॅट. वर म्हटलं होतं ना, २०० तले पाव. फक्त फ्रिक्वेन्सी बदलली की रॉडचं तापमान बदलतं, त्याने बीमही थोडा बदलतो. म्हणून २० हर्ट्झला मीटर पुन्हा धरा, ८ चे अँपिअर तसेच चालवू नका.

आता तडा. इथे मला अंदाज करावा लागतोय, कारण तडा नेमका कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध चांदणीसारखा असेल तर एक गोष्ट, शिवणीभर सलग मधल्या रेषेत असेल तर दुसरी, फक्त शेवटच्या ठिपक्यात असेल तर तिसरी.

शेवटच्या ठिपक्यातला तडा सगळ्यात सोपा. मधल्या प्रत्येक ठिपक्याला पुढचा पल्स पुन्हा वितळवतो, त्यात बारीकसारीक तडे बुजतात. शेवटच्याला बुजवणारा कोणी नसतो. शिवणीच्या दोन्ही टोकांना त्याच पत्र्याचे पाच मिमीचे तुकडे जोडा, वेल्ड त्या तुकड्यावर सुरू करा, दुसऱ्या तुकड्यावर संपवा आणि नंतर दोन्ही कापून टाका. शक्य असेल तर शेवटच्या दहाएक पल्सना ऊर्जा उतरवत न्या.

प्रत्येक ठिपक्यात तडा असेल तर धातू फार वेगाने थिजतोय. ६२५ पूर्ण ऑस्टेनाइटमध्ये, म्हणजे एकाच प्रकारच्या स्फटिकरचनेत, थिजतं. ३०४ मध्ये थिजताना तयार होणारा फेराइट (दुसऱ्या रचनेचा अंश) तड्यापासून बरंच वाचवतो, तो आधार इथे नाही. त्यात ६२५ मधलं ३ ते ४ टक्के नायोबियम थिजता थिजता शेवटच्या रसात गोळा होतं आणि तो रस उशिरापर्यंत पातळ राहतो. बाकी सगळं आकसतंय आणि मधे अजून ओलं, तिथे धातू फाटतो. पल्स एकदम बंद झाला की हे सगळं फार घाईत घडतं. उपाय म्हणजे पल्सला उतरती शेपटी. तुमच्या मशीनच्या मेन्यूत पल्स शेपिंग असेल तर: ७०० वॅट अडीच मिलिसेकंद, मग ४०० वॅट दीड, मग २०० वॅट दोन मिलिसेकंद. बेरीज पावणेतीन ज्यूल. शेवटचे तुकडे वितळवायला नाहीत, थिजणं लांबवायला आहेत. मशीनमध्ये ती सोय नसेल तर स्पॉट आणखी थोडा मोठा, पल्स लांब, पॉवर कमी, आणि चढण ८५ टक्क्यांपर्यंत, एवढंच हातात उरतं. बऱ्याचदा तेवढं पुरतं. हे मी ६२५ पुरतं बोलतोय. पार्टीने उद्या ७१८ आणून दिलं तर त्यात नायोबियम पाच टक्क्यांच्या आसपास असतं, वर टायटॅनियम-अॅल्युमिनियम. त्याचा स्वभाव वेगळा. ६०० त्यामानाने गरीब.

शिवणीभर सलग तडा असेल तर मी आधी घाणीवर संशय घेतो. आपल्या कोल्हापुरात तर नक्कीच, कारण आपली शॉप फाउंड्री आणि मशीनिंगच्या मध्ये वाढलेली आहेत. कटिंग ऑइलमध्ये गंधक असतं. निकेल आणि गंधक मिळून जे मिश्रण होतं ते ६४० अंशांच्या आसपासच वितळतं, आणि ६२५ थिजतं १३५० ते १२९० अंशांत. म्हणजे सगळं वेल्ड घट्ट झालं तरी कणांच्या सीमांवर गंधकाचा पातळ रस शेकडो अंश खाली येईपर्यंत ओलाच. तेवढ्यात तांबं आणि पट्ट्या पत्र्याला ताणून धरतात, आणि पत्रा उसवतो. शिसं, जस्त, फॉस्फरस हेही याच टोळीतले. मार्कर पेन, खडू, ऑइलचा हात, गॅल्व्हनाइज्ड टेबल, एमएसवर वापरलेला ब्रश किंवा एमरी, काहीही चालत नाही. कड मिल केल्यावर असिटोनने पुसा, कापड पांढरं आणि त्यावर काळं उमटायचं थांबेपर्यंत. मग जॉइंटला उघड्या हाताने शिवू नका. स्टेनलेसचा एक ब्रश फक्त निकेलसाठी, त्यावर रंगाचा पट्टा मारून कपाटात कुलपात ठेवा. नाहीतर संध्याकाळपर्यंत कोणीतरी त्याने चॅनल घासलेला असतो. मशीन जुनं दागिन्यांचं आहे, तर आतलं टेबल आणि क्लॅम्पही पुसून घ्या. डागाच्या (सोनाराच्या सोल्डरच्या) कामाचे अवशेष तिथे असू शकतात आणि त्यात बहुधा जस्त असतं.

आर्गॉनबद्दल फार लिहीत नाही. वरून रुंद नोझलने मिनिटाला आठ-दहा लिटर, सावकाश. बारीक नळीने जोरात सोडलं तर ते बाजूची हवा ओढून आणतं. मँड्रेलच्या खाचेतून तीन-चार लिटर, वेल्ड सुरू करण्याआधी अर्धा मिनिट. पंखा बंद. शिवण चांदीसारखी किंवा फिकट सोनेरी आली तर ठीक, निळी-करडी आली तर आर्गॉन कमी पडतोय. खालची बाजू जरूर बघा, वर चांदी आणि खाली कोळसा हे फार दिसतं.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून एक गोष्ट. लेसरचा चिलर बरेच जण २२ अंशांवर लावून विसरतात. जुलैत आपल्याकडे शॉपमध्ये २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली की दव २५ अंशांवरच पडायला लागतं. म्हणजे २२ अंशांच्या पाण्याने थंड झालेल्या रॉडवर आणि आरशांवर ओल धरते. पॉवर अचानक पडते, मग ऑपरेटर करंट वाढवतो, आणि ओल्या काचेवर कोटिंग जळतं. मशीन बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तेवढा चिलर वर घ्या, किंवा लेसरच्या खोलीला एसी लावा. पाणी डीमिनरलाइज्डच, बोअरचं नाही.

तपासणीबद्दल दोन गोष्टी. पाण्यातले बुडबुडे मोठी गळती दाखवतात, बारीक गळतीला हीलियम लीक टेस्ट लागते. बेलोज कुठे बसणार आणि पार्टीने काय मागितलंय, त्यावर ते ठरवा. एएसएमईचा (अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचा) कोड लावला असेल तर लेसरची प्रोसिजर सेक्शन ९ प्रमाणे वेगळी क्वालिफाय करावी लागेल, टिग वेल्डिंगच्या कागदांवर भागणार नाही. दुसरं, एक शिवण आडवी कापून मायक्रोस्कोपखाली बघाच. शेजारच्या कुठल्याही फाउंड्रीच्या लॅबमध्ये माउंटिंग (तुकडा राळेत बसवणं), पॉलिशिंग, मायक्रोस्कोप सगळं असतं. पण लॅबवाला सवयीने नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक अॅसिड) लावेल आणि म्हणेल काही दिसत नाही. कास्ट आयर्नचं नायटल ६२५ ला ओरखडाही काढत नाही. त्याला दहा टक्के ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये काही व्होल्टवर इलेक्ट्रोलिटिक एच करायला सांगा. ठिपक्यांची चढण, मुळाशी राहिलेली रेघ, तडा, सगळं दोन मिनिटांत डोळ्यांसमोर येतं. नाहीतर घरचा उपाय: शिवणीचा तुकडा मुळाची बाजू बाहेर ठेवून पूर्ण दुमडा. मूळ सुटं असेल तर तिथेच उघडतं.

क्रम असा लावा. आधी सलग पत्र्यावर रेघ. मग कडा आणि मँड्रेल. मग मीटर लावून ज्यूल ठरवा. मग स्पीड. पल्सची शेपटी सगळ्यात शेवटी, आणि तीही तडा उरलाच तर. एका वेळी एकच गोष्ट बदला. हे सगळं करूनही सलग तडा येत राहिला तर पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट काढून गंधक, फॉस्फरस आणि सिलिकॉन बघा, आणि पत्रा अॅनील्ड (तापवून मऊ केलेला) आहे ना ते बघा. महिन्याला पाच-दहा नळ्याच लागणार असतील, तर मायक्रो-प्लाझ्मावाल्याकडून जॉबवर्क करून घेणंही वाईट नाही. त्यालाही कडा मात्र अशाच लागतील.

आणि एक विचारायचं राहिलं. दागिन्यांच्या मशीनची पेटी बंद असते, हात बाहीतून आत जातो, बघायला फिल्टरची काच असते. तुमची स्लाइड आणि १५० मिमीची नळी त्या पेटीत बसत असेल असं मला वाटत नाही. पेटीचा पुढचा भाग काढला असेल तर १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा किरण चकचकीत निकेलवरून उडून खोलीत कुठेही जाऊ शकतो. तो डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडतो तेव्हा दुखतही नाही, दिसायचं तेवढं कमी होतं. स्लाइडभोवती पत्र्याची नवी पेटी करा, दार उघडलं की शटर बंद होईल असा स्विच लावा, आतून धूर ओढायला ब्लोअर जोडा, कारण निकेल आणि क्रोमचा धूर फुप्फुसाला वाईट असतो. पेटी होईपर्यंत खोलीत असणाऱ्या प्रत्येकाला १०६४ साठीचाच गॉगल, गॅस वेल्डिंगचा काळा चष्मा नाही. पुढची ट्रायल त्यानंतर घ्या, आणि उलट्या बाजूचा फोटो पाठवा, वरच्या बाजूचा नको.